लाव्हाच्या वाटेचा नकाशा

बी. ए. भाग २

ज्वालामुखी हा आपल्याला केवळ पाठ्यपुस्तकातला विषय वाटतो. पण भंडाऱ्याहून नागपूरला जाणाऱ्यांनी सीताबर्डीची टेकडी पाहिलेली असते. तिचा काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हाच होय. महाराष्ट्राचा बहुतेक भाग अशाच थरांनी झाकलेला आहे. ते उद्रेक केव्हाच थांबले. त्यांचे आता भय नाही. भारतातील जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातील बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून तो १९९१ साली पुन्हा जागा झाला. तेथे वस्ती नाही. परंतु ज्वालामुखीच्या अंगावरच गावे असतील तर?

अमेरिकेतील हवाई बेटावर हाच प्रश्न आहे. उद्रेक केव्हा होईल, हे अनेक वर्षे आधी सांगता येत नाही. मात्र लाव्हा कोठून निघेल व कोठे जाईल, याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी शास्त्रज्ञ लाव्हाचे जुने थर तपासतात. थराखाली दबलेल्या झाडांच्या कोळशावरून त्याचे वय ठरवतात. जमीन फाटून लाव्हा वारंवार कोठे वर आला, हे पाहतात. लाव्हा पाण्याप्रमाणे उताराकडे वाहतो, म्हणून उतारही मोजतात. यावरून तेथील भूवैज्ञानिक खात्याने १९७४ साली धोक्याचा नकाशा प्रसिद्ध केला. पुढे त्यात सुधारणा होऊन बेटाचे ९ विभाग पडले. पहिला सर्वांत धोक्याचा; नवव्यात गेल्या ६०,००० वर्षांत उद्रेक झालेला नाही.

२०१८ साली किलाउआ ज्वालामुखीच्या पूर्वेकडील भागात जमीन फाटली आणि ७०० हून अधिक घरे लाव्हाने गिळली. ती मुख्यतः पहिल्या दोन विभागांतलीच होती. म्हणजे नकाशा खरा ठरला. मग लोक तेथे राहत का होते? एक मोठे कारण साधे आहे: तेथे जमीन स्वस्त मिळत होती.

हे वाचताना आपली वैनगंगा आठवते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तिच्या पुराचे पाणी भंडारा शहरात शिरले. पूररेषाही जुन्या पुरांचा अभ्यास करूनच आखतात. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण दोन्ही नकाशांना लागू पडते. पण सखल जागी घर कोण बांधतो? ज्याला उंचावरची जागा परवडत नाही, तो. धोका कोठे आहे, एवढे नकाशा सांगतो. तेथील माणसाला दुसरी जागा मिळवून देणे हे मात्र समाजाचे आणि शासनाचे काम आहे. ते झाले नाही, तर नकाशा खरा ठरूनही घरे जातच राहतील.