*साप चावला तर पहिल्या तासात काय करायचं? लावणीच्या दिवसांसाठी महत्त्वाची माहिती*



आज खत-फवारणीचा मेसेज नाही. डिंभे परिसरात भात लावणी सुरू आहे, बांधावरचं गवत गुडघाभर झालंय आणि बिळात पाणी शिरल्यामुळे साप बाहेर निघालेत. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास सांगतो. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यातले. म्हणजे हा आपलाच प्रश्न आहे. मी शेतीचा माणूस, डॉक्टर नाही. खाली दिलंय ते डॉक्टर लोक आणि सरकारी उपचार-पद्धती जे सांगतात तेच, आपल्या भाषेत.

*औषध आहे, पण ते वेळेत मिळालं पाहिजे*

साप चावल्यावर एकच औषध चालतं, अँटी स्नेक व्हेनम, म्हणजे प्रतिसर्पविष. घोड्याला विषाचा अगदी थोडा थोडा डोस देतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारे घटक तयार होतात, आणि त्यातून हे इंजेक्शन बनवतात. मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये हे काम फार जुन्या काळापासून चालत आलंय. सरकारी दवाखान्यात हे मोफत मिळतं.

आता मुद्दा नीट समजून घ्या. हे औषध रक्तात *फिरत असलेलं* विष पकडतं. विषाने जे नुकसान *आधीच* केलंय, ते परत भरून काढत नाही. तणनाशक पडून पीक करपल्यावर वरून पाणी मारून उपयोग नसतो, तसंच हे. म्हणून दोन तास उशिरा दिलेल्या औषधाचा गुण लवकर दिलेल्या औषधाइतका येत नाही.

*आपल्याकडचे चार विषारी साप*

🔸 *नाग*: चावलेल्या जागी वेदना, सूज. नंतर पापण्या मिटायला लागतात, श्वास अडकतो.
🔸 *घोणस*: जाड अंग, पाठीवर साखळीसारखे ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. खूप दुखतं, सूज वर चढते, रक्त गोठत नाही, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येतं. उशीर झाला तर किडनी जाते.
🔸 *फुरसं*: लहान, खडकाळ माळावर सापडतं. याच्याही विषाने रक्त गोठत नाही.
🔸 *मण्यार*: काळपट अंगावर पांढरे बारीक पट्टे. रात्री फिरते, घरात शिरते.

या चारही सापांवर एकच इंजेक्शन चालतं. म्हणून *साप ओळखण्यासाठी थांबू नका, त्याला मारायला मागे लागू नका.* त्या नादात दुसऱ्यालाही चावतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी डॉक्टर लक्षणं आणि रक्त बघून ठरवतात. काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष असल्याचं कळतं.

भीमाशंकरच्या बाजूला हिरवा *चापडा* पण आहे. त्याच्यावर हे इंजेक्शन लागू पडत नाही, पण उपचार दवाखान्यातच होतात. तेव्हा जायचं तिथेच.

*मण्यारीबद्दल वेगळं सांगतो*

हा भाग घरातल्या बायाबापड्यांनाही वाचून दाखवा. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण दिसतही नाही. माणूस झोपूनच राहतो. मग पहाटे *पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो.* घरचे म्हणतात गॅस झाला, सोडा देतात, ओवा देतात. तासाभरात *पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, बोलणं तोतरं होतं, थुंकी गिळता येत नाही.* पुढे श्वासाचे स्नायू थांबतात.

म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी झाली आणि डोळे नीट उघडेनात, तर साप दिसलेला नसला तरी थेट दवाखाना. डॉक्टरांना "रात्री खाली झोपला होता" हे आवर्जून सांगा. अशा पेशंटला श्वासाचं मशीन लागू शकतं, पण वेळेत पोचला तर तो पूर्ण बरा होऊन घरी येतो.

*चावल्यावर लगेच हे करा* ✅

१. पेशंटला धीर द्या, आडवं करा. चालू देऊ नका, पळू तर अजिबात नको. हालचालीने विष लवकर पसरतं.
२. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ काढा. सूज आली की ती रुततात.
३. हात किंवा पाय फळी नाहीतर काठी लावून सैलसर बांधा, मोडलेल्या हाडाला बांधतात तसं. हलू नये एवढंच.
४. *१०८* ला फोन करा. गाडी लांब असेल तर वाट बघत बसू नका, गावातली जीप काढा. मोटरसायकलच असेल तर पेशंट मधे, मागे धरायला एक जण.
५. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.
६. चावल्याची वेळ लिहून ठेवा. सूज कुठपर्यंत आली तिथे पेनने रेघ मारा.

*हे करू नका* ❌

▪️ दोरी, रुमाल आवळून बांधू नका. रक्त थांबून हातपाय काळा पडतो आणि सोडल्यावर विष एकदम चढतं.
▪️ ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका, बर्फ लावू नका. कोंबडी लावणं, चुना-हळद लावणं यानेही विष उतरत नाही.
▪️ मिरची किंवा लिंबाचा पाला खायला देऊन परीक्षा बघू नका. दारू, चहा देऊ नका.
▪️ मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून देऊ नका. काही गोळ्यांनी रक्त जास्त वाहतं.

*भगताकडे नेलं तर?*

आपल्या आदिवासी पट्ट्यात पहिला फोन भगताला जातो, हे माहीत आहे. त्यांचा मान आहेच. पण उतारा का "लागू" पडतो ते बघा. आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी आहेत: धामण, दिवड, तस्कर. विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. असा माणूस काहीही न करता बराच होतो, आणि श्रेय मंत्राला जातं. पण खरं विष गेलेलं असेल तर तिथे गेलेला एक तास परत मिळत नाही. भगत दादांनाच विनंती आहे: अंगारा लावायचा तर गाडीत बसवताना लावा, पण गाडी थांबवू नका. तुमचा शब्द गाव ऐकतं.

*कुठे जायचं?*

डिंभे-पाटण-आहुपे बाजूच्या लोकांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आहे का हे *आजच* विचारून ठेवा. नसेल तर थेट घोडेगाव ग्रामीण रुग्णालय, पुढे मंचर उपजिल्हा रुग्णालय. जुन्नर तालुक्यात जुन्नर आणि नारायणगाव. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशावर अनेक वर्षं काम केलंय. म्हणजे या विषयाची जाणकारी आपल्याच भागात आहे, पुण्यापर्यंत धावायची गरज दरवेळी नसते.

सुरुवातीला साधारण ८ ते १० बाटल्या सलाईनमधून देतात. लहान मुलाला आणि मोठ्याला डोस सारखाच, कारण साप विष वयानुसार सोडत नाही. औषधाची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं. बरं वाटलं तरी डॉक्टर २४ तास थांबा म्हणाले तर थांबा.

*चावूच नये म्हणून*

👉 चिखलात पाय घालण्याआधी, पेंढी, गोवऱ्या किंवा पाचट उचलण्याआधी काठीने हलवा. हात थेट घालू नका.
👉 गवत कापताना, उसात आणि बांधावर गमबूट. रात्रीची लाईट असेल तर मोटर चालू करायला जाताना बॅटरी आणि काठी सोबत हवीच.
👉 झोपायला खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून.
👉 घराला लागून सरपण, कांद्याची अरण, धान्याची पोती नकोत. उंदीर आला की मागे साप येतो.
👉 धामण मारू नका. तिचं खाणंच उंदीर आहे, ती आपल्या धान्याची राखण करते.

*शेवटचं एक*

सर्पदंश गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत येतो. शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. दवाखान्याचे कागद जपून ठेवा आणि ३० दिवसांच्या आत कृषी कार्यालयात अर्ज करा. पण हे पैसे कोणाच्या घरी यायची वेळच येऊ नये.

आज संध्याकाळी एवढंच करा: रात्री-अपरात्री कोणाची गाडी निघेल ते वाडीत ठरवा, त्याचा नंबर आणि १०८ दाराच्या मागे खडूने लिहा. धरणाच्या आतल्या बाजूला रेंज नसते, तिथे फोनवर विसंबू नका, कोण धावत जाणार तेही ठरवा. हा मेसेज लावणीला येणाऱ्या मजुरांनाही वाचून दाखवा. साप त्यांनाही चावतो, आणि त्यांच्याकडे बऱ्याचदा फोन नसतो.

काळजी घ्या 🙏
*कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, डिंभे*