कर्ता गेल्यावर : मृत्यूच्या नुकसानभरपाईचे काही कायदेशीर प्रश्न



स्मृतिव्याख्यानासाठी आजचा विषय कोणास रूक्ष वाटेल, कोणास अशुभही वाटेल. तरीही तो निवडला, कारण कोसाड, अमरोली, लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांतून राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत दुसऱ्याच्या हयगयीने घरचा कर्ता माणूस गमावण्याचा प्रसंग दुर्मिळ नाही. खानदेशातून सुरतेस यावे, मागावर किंवा डाइंग मिलमध्ये राबावे, लग्नकार्याला आणि सणासुदीला गावी जावे, असा आपला जीवनक्रम आहे. रेल्वेचा रूळ, महामार्ग आणि कारखाना ही तिन्ही धोक्याची ठिकाणे त्यात रोजच येतात.

21 ऑक्टोबर 2020 च्या पहाटे मलकापूरहून सुरतेकडे येणारी एक खासगी बस नवापूर तालुक्यातील कोंडाईबारी घाटात दरीत कोसळली आणि 5 जणांना प्राण गमवावे लागले. अशा अपघातात घटना एका जिल्ह्यात, मृताचे गाव दुसऱ्या जिल्ह्यात आणि त्याचे बिऱ्हाड तिसऱ्याच राज्यात असते. मृतदेह गावी नेला जातो, दहावे-तेरावे तिथे होते, विधवा सासरी किंवा माहेरी राहते आणि पोलिसांचे कागद जिथल्या तिथे राहतात. माझ्या मते बहुतेक दावे न्यायालयात हरले जात नाहीत. ते या पहिल्या काही महिन्यांतच निसटतात. म्हणून आज कायद्याच्या तत्त्वचर्चेपेक्षा कुटुंबे प्रत्यक्षात जे प्रश्न विचारतात त्यांचीच उत्तरे देण्याचा प्रयत्न करणार आहे.

पहिला प्रश्न बहुधा उघड विचारला जात नाही : माणसाच्या जिवाचे पैसे घ्यावेत काय? अनेक वृद्ध आईवडील ‘त्याच्या रक्ताचे पैसे नकोत’ असे म्हणून सही करण्याचे नाकारतात. त्यांच्या भावनेचा आदर राखून सांगितले पाहिजे की कायदा जिवाची किंमत करीत नाही. त्या माणसाच्या कमाईवर जी तोंडे जगत होती त्यांचा तुटलेला आधार तो शक्य तितका भरून देतो. जुन्या इंग्रजी कायद्यात तर माणूस मेला की त्याचा हक्कही मरत असे. जखमी केले तर भरपाई द्यावी लागे, ठार केले तर काहीच नाही, असा तो विपरीत न्याय होता. आगगाड्यांचे युग आल्यावर इंग्लंडात 1846 साली तो नियम बदलला. आपल्याकडे मुंबई-ठाणे आगगाडी 1853 साली धावली आणि दोनच वर्षांनी, 1855 साली, प्राणांतिक अपघातांचा कायदा झाला. पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांना दोषी व्यक्तीकडून भरपाई मागण्याचा हक्क त्याने दिला.

आता मुख्य गोष्ट. आपल्या देशात अशा मृत्यूसाठी एकच एक दावा नाही. मृत्यू कसा झाला यावर कोणत्या दाराशी जायचे ते ठरते आणि प्रत्येक दाराची मुदत वेगळी आहे. रस्त्यावरील अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, रेल्वेसाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण, कामावरील मृत्यूसाठी कामगार भरपाईचा अधिकारी, वैद्यकीय हयगयीसाठी ग्राहक आयोग. जे यांपैकी कशातच बसत नाही, उदाहरणार्थ भिंत कोसळून झालेला मृत्यू, त्यासाठी दिवाणी न्यायालय. तेथे मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आणि आधार 1855 च्याच कायद्याचा राहत आला आहे.

रस्त्यावरील अपघाताविषयी सविस्तर बोलू, कारण सर्वाधिक कुटुंबे तिथेच येतात. 1994 नंतर बरीच वर्षे या दाव्यांना मुदतच नव्हती आणि ‘केव्हाही करता येतो’ हा समज लोकांच्या मनात अजून घट्ट आहे. 2019 च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले असून, त्याचा निर्णय होईतो केवळ मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. तरी या आदेशाच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये. वर्षश्राद्ध होईपर्यंत कोर्टकचेरी नको, असे पुष्कळ घरांत म्हणतात; कायद्याची मुदत मात्र वर्षश्राद्धाच्या सहा महिने आधीच संपते.

दावा कोठे करावा? अपघात जिथे झाला तिथे, वारस जिथे राहतात तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे. निवड वारसांची असते. कोंडाईबारीसारख्या अपघातातील मृताची पत्नी मलकापुरास राहत असेल तर तिने नंदुरबारला किंवा सुरतेला खेपा घालण्याचे कारण नाही. उलट अपघात सुरतेत झाला आणि कुटुंब जळगावला परतले, तर जळगावातही दावा चालतो. मात्र अशा वेळी सुरतेचा पंचनामा आणि फिर्याद गुजरातीत असतात. त्यांचे मराठी भाषांतर लागते आणि त्यात नावांचा घोळ होतो. मृताचे नाव एका कागदावर ‘भाऊसाहेब’, दुसऱ्यावर ‘भावसार’ असे झाले की विमा कंपनीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. कागद हाती येताच नावे ताडून पाहावीत.

2022 च्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत प्राथमिक आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. हा अहवाल दाव्याचा अर्ज म्हणूनही धरता येतो. त्याची प्रत मागून घेणे हा कुटुंबाचा हक्क आहे. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणजे दावा बुडाला, असेही नाही. फौजदारी न्यायालयाला निःसंशय पुरावा लागतो. न्यायाधिकरण अधिक संभवनीय काय एवढेच पाहते.

रक्कम कशी ठरते? येथे 2009 चा सरला वर्मा आणि 2017 चा प्रणय सेठी हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय प्रत्येक वारसाने नावाने ओळखावेत. समजा, 32 वर्षांचा माग कारागीर महिना 15,000 रुपये मिळवीत होता आणि मागे पत्नी, दोन मुले व आई आहेत. चाळिशीच्या आतील, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या मिळकतीत भावी वाढ म्हणून 40 टक्के मिळवतात, म्हणजे 21,000. चार ते सहा अवलंबित असल्यास त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरले 15,750. वर्षाचे झाले 1,89,000. 31 ते 35 वयासाठी गुणक 16. एकूण 30,24,000 रुपये. सहवास अंतरल्याबद्दल आणि अंत्यसंस्कारासाठी ठरीव रकमा यावर मिळतात, शिवाय अर्जाच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला असतो. अविवाहित मुलगा गेला तर वजावट सर्वसाधारणपणे निम्मी होते. गुणक मात्र आईवडिलांच्या नव्हे, मृताच्या वयावरून धरतात.

या सर्व गणिताचा पाया म्हणजे मासिक मिळकत, आणि आपले लोक नेमके इथे अडतात. मागावर हप्त्याने किंवा मीटरवर मजुरी मिळते, पगारपत्रक नसते, आणि मृत्यूनंतर कारखानदार ‘हा माझ्याकडे कधीतरी येई’ असे म्हणू लागतो. पुरावा नसेल तर पुष्कळदा किमान वेतनावर बोळवण होते. किमान वेतन हीच एक मोजपट्टी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितले आहे, पण न्यायाधीशाला धरायला काहीतरी हवे. बँकेच्या पुस्तकातील नोंदी, गावी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, मुकादमाची वही, सोबतच्या कारागिराची साक्ष, यांतील प्रत्येक गोष्ट उपयोगी पडते. माझी तरुण माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, निदान मजुरी खात्यात जमा करून घेण्याचा आग्रह धरा. आज त्यात कटकट वाटेल.

गृहिणी गेली तर? ‘ती कमवीत नव्हती’ असे खुद्द नवराच न्यायालयात सांगतो! सर्वोच्च न्यायालयाने 2001 च्या लता वाधवा प्रकरणात गृहिणीच्या श्रमाचे पैशात मोल धरले आणि 2021 च्या कीर्ती प्रकरणात तिच्या बाबतीतही भावी वाढ धरावी असे ठरवले.

वारस कोण, यावरून घरातच भांडणे लागतात. पत्नी, मुले, आईवडील हे तर आहेतच. पण भावाचाही दावा टिकू शकतो, हे 1987 साली गुजरात राज्य परिवहन महामंडळाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. आपल्या कुटुंबांत भाऊ भावाच्या आधारावर जगतो, ही वस्तुस्थिती त्या निकालाने ओळखली. विधवेने पुनर्विवाह केला म्हणून तिचा हक्क जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2023 साली सांगितले. मृताच्या आयुर्विम्याचे किंवा भविष्यनिर्वाह निधीचे पैसे मिळाले तरी ते भरपाईतून वजा होत नाहीत. हा मुद्दा महाराष्ट्र राज्य परिवहन महामंडळाविरुद्धच्या रिबेलो प्रकरणात 1998 सालीच निकालात निघाला आहे.

एका गोष्टीचा मात्र इशारा द्यावासा वाटतो. लग्नाचे वऱ्हाड मालवाहू टेम्पोतून नेण्याची आपल्याकडे रूढी आहे. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे 2002 च्या आशा राणी निकालापासून पक्के आहे. मग उरतो गाडीमालक, आणि त्याच्यापाशी बहुधा त्या टेम्पोखेरीज काही नसते. वाहन ठोकरून पळून गेले आणि सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृतामागे 2 लाख रुपये मिळतात. 1 एप्रिल 2022 पूर्वी ही रक्कम अवघी 25,000 होती.

रेल्वेचे गणित निराळे आहे. चढता-उतरताना किंवा गर्दीत दारातून पडून प्रवासी मृत्यू पावला तर रेल्वेचा दोष सिद्ध करावा लागत नाही. 1 जानेवारी 2017 पासून ही रक्कम 8 लाख रुपये आहे आणि मुदत एक वर्षाची. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे 2018 च्या रिना देवी निकालाने स्पष्ट केले. वारसांनी तसे शपथपत्र दिल्यास पुढे प्रकरणाच्या परिस्थितीवरून निर्णय होतो. म्हणून खिशातील तिकिटाची किंवा पासाची नोंद पंचनाम्यात झाली की नाही, ते पाहावे. पण कोसाड स्थानकात पूल सोडून रूळ ओलांडणारा माणूस या तरतुदीत बसत नाही. तो त्या क्षणी प्रवासी नसतो.

कारखान्यातील मृत्यूसाठी 1923 चा कायदा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. सूत्र तेच राहिले : वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक, आणि मालकाने उशीर केल्यास व्याज. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावयाची असते. परस्पर विधवेच्या हाती देऊन मुद्रांकावर ‘सर्व हिशेब मिटला’ असा अंगठा घेतला तरी तिचा हक्क संपत नाही. जनाजोगे चार लोक जमवून तिसऱ्याच दिवशी अशी सही घेण्याची चाल आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कामगार राज्य विमा योजनेत असेल तर भरपाईऐवजी अवलंबितांना तिथून मासिक निवृत्तिवेतन मिळते. कामासाठी वाहनातून जाताना मृत्यू आला तर मोटार आणि कामगार या दोहोंपैकी एकच मार्ग निवडावा लागतो, आणि ती निवड हिशेब करूनच करावी.

कामावर जाण्याच्या वाटेवरचा अपघात कामावरचा मानावा काय, हा वाद जुना. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी 2003 साली भल्या पहाटे पाळीवर जाताना रस्त्यात मरण पावला. त्याच्या कुटुंबाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो जुलै 2025 मध्ये. बावीस वर्षांनी! नव्या संहितेत, कामाशी संबंध दिसत असल्यास, अशा वाटेवरच्या अपघाताचा समावेश आता स्पष्ट शब्दांत झाला आहे.

सरकारने जाहीर केलेली मदत म्हणजे भरपाई नव्हे, हेही अनेकांस ठाऊक नसते. 24 मे 2019 रोजी याच शहरात सरथाणा येथील तक्षशिला इमारतीच्या आगीत 22 कोवळे जीव गेले. राज्य सरकारने प्रत्येकी 4 लाख रुपये दिले. ते सानुग्रह साहाय्य होते. ते स्वीकारल्याने दोषी मालकाविरुद्धचा हक्क सुटत नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 1997 साली 59 माणसे गेली, तेव्हा त्यांच्या नातलगांनी संघटित होऊन भरपाई मिळवली. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली ती वीस वर्षांवरील मृतांसाठी 10 लाख आणि त्याखालील वयाच्या मृतांसाठी साडेसात लाख ठरवली. उच्च न्यायालयाने दिलेल्यापेक्षा ती कमी होती, आणि मला तो निर्णय आजही पटत नाही.

वकिलाचा खर्च कोठून आणावा, हा शेवटचा प्रश्न. रुग्णालयाच्या दारातच ‘मिळेल त्यात इतके टक्के’ असे ठरवणारे मध्यस्थ भेटतात. भरपाईत टक्केवारी ठरवणे वकिलाला व्यावसायिक नियमांनुसार निषिद्ध आहे. स्त्रिया, मुले, कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना 1987 च्या कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरे. लोकअदालतीत तडजोड करण्यास हरकत नाही, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून वर सांगितलेला हिशेब आधी घरी मांडून मगच आकडा कबूल करावा. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटल्यास उच्च न्यायालयात 90 दिवसांत अपील करता येते.

अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण बँकेत मुदत ठेवीत ठेवते. काका किंवा मामा ती परस्पर काढू शकत नाहीत. परंतु मुलीचे महाविद्यालयाचे शुल्क भरावयाचे असेल किंवा मुलाचे आजारपण निघाले, तर आईने शाळेचा अथवा डॉक्टरांचा कागद जोडून त्याच न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. गरज पटल्यास ठेव मुदतीपूर्वी मोडण्याची परवानगी मिळते.