कुंडीखालची ताटली

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरमधली गोष्ट. आमच्या इमारतीतला दहावीत शिकणारा एक मुलगा डेंग्यूने आजारी होता. चार दिवसांचा ताप, उलट्या, मग रुग्णालयात भरती. त्या पाठोपाठ महापालिकेच्या दोन आरोग्यसेविका घरोघर पाहणीसाठी आल्या. आपल्याकडे काही सापडणार नाही अशी मला खात्री होती. पिंप झाकलेलं, भंगार नाही, फ्रिजमागचा ट्रे कोरडा. त्यातल्या एकीने गॅलरीतली मोगऱ्याची कुंडी तिरकी केली, खालच्या ताटलीवर टॉर्च धरला आणि म्हणाली, ‘‘मॅडम, जरा बघता का?’’

ताटलीत अर्धा बोटभर पाणी होतं आणि त्यात वीस-पंचवीस अळ्या वळवळत होत्या.

दर पावसाळ्यात मी रुग्णांच्या नातेवाइकांना ‘घरात पाणी साठू देऊ नका’ असं सांगत असते. ते सांगताना माझ्या डोळ्यांसमोर टायर, पिंपं, फुटके डबे असतात. मोगऱ्याची ताटली त्या यादीत माझ्याच मनात नव्हती. त्या मुलाला चावलेला डास माझ्या गॅलरीतला होता का, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण नव्हता, असंही मला म्हणता येत नाही.

ढोलीतून ताटलीत

डेंग्यू पसरवणारा ‘एडिस इजिप्ती’ हा डास मूळचा आफ्रिकेतला. तिथल्या जंगलात तो झाडाच्या ढोलीत साठलेल्या पावसाच्या पाण्यात वाढायचा. पुढे माणसाने पाणी साठवायला सुरुवात केली आणि हा डास रांजण-पिंपांत राहायला आला. जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून त्याने समुद्र ओलांडले. गटाराच्या घाण पाण्यापेक्षा त्याला लहान भांड्यातलं, सावलीतलं, न हलणारं पाणी आवडतं. कुंडीखालच्या ताटलीत हे सगळं जुळून येतं. वर कुंडीची सावली असते. मातीतून झिरपलेलं खत आणि गळून पडलेली पानं यांच्यावर सूक्ष्मजीव वाढतात आणि तेच अळ्यांचं अन्न. आपण रोज पाणी घालतो, म्हणून ताटली आटतही नाही.

डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला ती चिकटवते. तीही सगळी एकाच ठिकाणी नाही; थोडी या ताटलीत, थोडी शेजारच्या बादलीत. काळ्या रंगाची ही अंडी मिलिमीटरपेक्षाही लहान असतात, काजळीचे कण वाटावेत अशी. पाणी आटलं तरी ती मरत नाहीत, कित्येक महिने तशीच टिकतात. पुन्हा पाणी चढलं की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. आपल्याकडच्या हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असं आरोग्य खातं सांगतं ते याच हिशेबाने.

हा डास फार लांब उडत नाही. बहुतेक आयुष्य तो जन्मला त्या घराच्या आणि शेजारच्या चार घरांच्या आसपास काढतो. डेंग्यूच्या रुग्णाला चावल्यावर विषाणू त्याच्या शरीरात वाढायला आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर तो जगेल तोवर ज्यांना चावेल त्यांना विषाणू देऊ शकतो. म्हणूनच डेंग्यू कॉलनीत, वाड्यात, एकाच इमारतीत असा गटागटाने येतो.

झाडं काढायची का?

त्या पाहणीनंतर आमच्या सोसायटीची बैठक झाली. सगळ्या गॅलऱ्यांतल्या आणि गच्चीवरच्या कुंड्या महिनाभरात हलवाव्यात, असा प्रस्ताव आला. तळमजल्यावरच्या काकूंकडे जास्वंद, शेवंती, सदाफुली मिळून तीसेक कुंड्या आहेत. काका गेल्यापासून त्यांची सकाळ त्या झाडांपाशीच सुरू होते. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. मग मीच उठून माझ्या ताटलीची हकिगत सांगितली आणि म्हटलं, कुंड्या राहू द्या, ताटल्या काढू.

यात झाडाचंही भलं आहे. मुळांनाही हवा लागते. तळाशी सतत पाणी तुंबलं की मातीतली हवा निघून जाते आणि मुळं कुजतात. पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी घालतो. मोगरा, जास्वंद, गुलाब, झेंडू यांना पाण्याचा निचरा होणारी माती लागते. सदाफुली आणि ऑफिस टाइम तर थोडी तहान सहज सोसतात. बोट मातीत दोन पेरं घालून पाहावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंड्यांना तर अनेक दिवस पाणी घालावंच लागत नाही.

मग करायचं काय? गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत ताटलीची गरजच नसते. कुंडी दोन विटांवर ठेवावी. पाणी वाहून जातं आणि खालची जागा झाडताही येते. पाणी खालच्या घरात गळत असेल आणि ताटली ठेवणं भाग असेल, तर ती काठापर्यंत जाड वाळूने भरावी. ओल वाळूत मुरते, वर उघडं पाणी राहत नाही. ज्यांना हेही जमत नाही त्यांनी आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करावी आणि नारळाच्या शेंडीने किंवा काथ्याने कडा खसखसून घासाव्यात. नुसतं पाणी ओतून दिलं तर अळ्या जातात, अंडी कडेला तशीच राहतात. ओतलेलं पाणी कोरड्या मातीवर किंवा उन्हातल्या फरशीवर टाकावं, मोरीत नको.

ताटलीबरोबर आणखी काही जागा बघायला हव्यात: पाण्याच्या बाटलीत लावलेला मनी प्लांट, बांबूचं भांडं, पाणी उरलेली झारी, रोपांसाठी ठेवलेल्या करवंट्या, टांगत्या कुंडीला खालून जोडलेली वाटी. केळीच्या साली भिजवून खत करणाऱ्यांनी ते भांडं कापड बांधून झाकावं, कारण कुजणाऱ्या पालापाचोळ्याच्या वासाने मादी अंडी घालायला येते. कमळासाठी टब असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत; ते अळ्या खातात.

झेंडू किंवा गवती चहा लावला की डास येत नाहीत, असं बरेच जण मला सांगतात. या वनस्पतींच्या तेलात डासांना नकोसे वाटणारे घटक असतात हे खरं. पण नुसतं झाड कुंडीत उभं असल्याने डास पळत नाहीत. झेंडूच्याच कुंडीखालच्या ताटलीत अळ्या सापडू शकतात.

आणखी एक. हा डास दिवसा चावतो. सूर्योदयानंतरचे दोनेक तास आणि मावळतीआधीचा काळ त्याच्या आवडीचा. आपली झाडांना पाणी घालायची वेळही तीच. तेव्हा अंगभर कपडे घालावेत, उघड्या हातापायांना डास पळवणारं मलम लावावं.

ताप आलाच तर

अचानक चढलेला ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंग मोडून येणं, पुरळ ही डेंग्यूची लक्षणं असू शकतात. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात फक्त पॅरासिटामॉल घ्यावी. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, सरबत, ताक, पेज असं भरपूर पोटात जाऊ द्यावं.

सगळ्यात मोठी चूक होते ती ताप उतरल्यावर. घरचे निर्धास्त होतात, मूल शाळेत जातं. प्रत्यक्षात आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरतानाच धोका असतो. त्या वेळी रक्तवाहिन्यांतला द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, रुग्ण सुस्त किंवा बेचैन होणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नये. सगळे नातेवाईक प्लेटलेटचा आकडा विचारतात. आम्ही आकड्याइतकंच, किंबहुना जास्त, या खुणांकडे बघतो. वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

आमच्या इमारतीतला तो मुलगा नऊ दिवसांनी घरी आला. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, पण दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. म्हणजे त्याच्यासाठी यापुढचा प्रत्येक पावसाळा जपण्याचा आहे, आणि ते जपणं त्याच्या एकट्याच्या हातात नाही.

सोसायटीने रविवार हा कोरडा दिवस ठरवला आहे. सकाळी नऊ वाजता काकू जिन्यातून हाक मारतात, मग आम्ही आपापल्या गॅलरीत जातो. पंधरा मिनिटांचं काम आहे. या उन्हाळ्यात माझा मोगरा दोन विटांवर उभा होता आणि नेहमीपेक्षा जास्त फुलला.