फोन किती देतो, आणि बाकीचं जग किती?

आजच्या भागात एक समीकरण आहे. पळू नका, एकच आहे, आणि त्यात बेरीज, गुणाकार, भागाकार यापलीकडे काही नाही. विषय आपल्या सगळ्यांचा: सारखा सारखा फोन का बघितला जातो?

गोष्ट सुरू होते हार्वर्ड विद्यापीठात, कबुतरांपासून. रिचर्ड हर्नस्टाइन या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पेटीत कबूतर, समोर दोन बटणं. चोच मारली की कधीकधी दाणे मिळणार. मेख अशी की दाणे घड्याळावर तयार व्हायचे. एका मांडणीत पहिल्या बटणावर सरासरी सव्वादोन मिनिटांनी, दुसऱ्यावर साडेचार मिनिटांनी. नेमके केव्हा, ते कबुतराला कळायचं नाही. जास्त चोची मारून दाणे लवकर येत नाहीत, पण चोच मारल्याशिवाय मिळतही नाहीत.

व्हॉट्सॲप आठवलं ना? मेसेज त्याच्या वेळेला येतो. तुम्ही शंभरदा उघडा, तो लवकर येणार नाही. (नोटिफिकेशन बंद आहे असं धरा.)

तर पहिल्या बटणावर दाणे दुप्पट. पण कबुतराने तिथेच ठाण मांडलं नाही. साधारण तीनातल्या दोन चोची पहिल्यावर, एक दुसऱ्यावर. मिळकतीचा वाटा जेवढा, चोचींचा वाटा तेवढा. हाच तो ‘मॅचिंग लॉ’.

मला मात्र खरी कमाल वाटते ती १९७० च्या लेखाची. हर्नस्टाइनने म्हटलं, बटण एकच असलं तरी कबुतरापुढे पर्याय असतातच. पंख साफ करणं, फिरणं, नुसतं उभं राहणं. त्यातूनही काहीतरी मिळतंच की! मग हिशोब असा झाला:

वेग = कमाल वेग × मिळकत ÷ (मिळकत + इतर मिळकत)

आता आकडे घालू. आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. समजा तुम्ही तासाला जास्तीत जास्त ६० वेळा फोन बघू शकता. तासाला २० मेसेज येतात. आणि बाकीच्या जगातून, म्हणजे गप्पा, चहा, पुस्तक, क्रिकेट, जे मिळतं तेही मेसेजच्याच मोलाने २०. उत्तर: ३० वेळा. मेसेज तिप्पट झाले, ६० आले, तर? ९० नाही, ४५. वाढ मंदावत जाते.

आता मेसेज २० च ठेवा आणि ‘इतर मिळकत’ ६० करा. उत्तर १५. एकदम निम्मं! फोनमध्ये काहीच बदललेलं नाही.

उलटंही करून बघा. इतर मिळकत ५ वर आणली की फोन बघणं जातं ४८ वर. स्पर्धा परीक्षेसाठी रूमवर एकटं राहणारा कुणीतरी तुमच्या ओळखीचा असेलच. अभ्यासासाठी त्याने मित्र सोडले, मैदान सोडलं, टपरीवरचा चहाही सोडला. परीक्षेचं फळ वर्षा-दोन वर्षांनी. म्हणजे आजच्या तासात ‘इतर मिळकत’ जवळपास शून्य, आणि उशाशी फोन. घरचे म्हणतात, इच्छाशक्ती नाही. अहो, समीकरणात इच्छाशक्ती नावाचा आकडाच नाही! त्याने नको ते सोडलं असं मला वाटतं.

अर्थात माणूस म्हणजे पेटीतलं कबूतर नव्हे, आणि आपल्या आयुष्यातली ‘इतर मिळकत’ मोजायला मीटर नाही. कबुतरांचाही हिशोब दरवेळी तंतोतंत जुळत नाही. विल्यम बॉम यांनी १९७४ मध्ये समीकरणात दोन जास्तीचे आकडे आणले. एक संवेदनशीलतेचा, कारण प्राणी बरेचदा मिळकतीतल्या फरकाइतका फरक करत नाहीत. दुसरा पक्षपाताचा, कारण एखादं बटण उगाचच जास्त आवडतं.

आणि हो, रील्सना हा हिशोब जसाच्या तसा लावू नका. तिथे घड्याळ नाही. जितकं सरकवाल तितकं मिळतं, आणि अशा मांडणीत कबूतरही वेगळंच वागतं. ते पुढच्या भागात. तोवर तुमच्या ‘इतर मिळकती’त काय काय येतं ते कमेंटमध्ये लिहा, मला खरंच वाचायचंय.