दुखावलेल्या खुरास चिकटविलेला नाल

घोड्यास नाल ठोकणें व बैलास पत्री मारणें या गोष्टी आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाच्या आहेत. परंतु खुराचें कवचच फुटलें असेल तर खिळा मारावयाचा कोठें? पुष्कळ मालक उरल्यासुरल्या जागीं खिळे ठोकवून घेतात आणि बरा होण्याजोगा घोडा कायमचा लंगडा करून बसतात. अशा खुरास खिळ्यांवांचून नाल चिकटवितां येतो. त्याची माहिती आम्ही येथें देत आहों.

खुराचें बाहेरील कवच शिंगासारखें निर्जीव असतें. त्याच्या आंत पांढरी रेषा, व तिच्या पलीकडे रक्तवाहिन्यांनीं भरलेला सजीव भाग असतो. खिळा पांढऱ्या रेषेच्या बाहेरच राहिला पाहिजे. कवच पातळ, ठिसूळ किंवा चिरलेलें असल्यास तेवढी जागा उरत नाहीं. खिळा आंत दाबतो किंवा भेग वाढवितो. कवच महिन्यास सुमारें ६ ते १० मिलिमीटर वाढतें. पुढील भाग समूळ नवा येण्यास ९ ते १२ महिने लागतात. तोंवर खुरास आधार देणें, हेंच या नालाचें काम होय.

हे नाल बहुधा ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे असतात. चिकटविण्यास ॲक्रिलिक अगर पॉलियुरेथेन जातीचें द्रव्य वापरतात. प्रथम खूर छाटून कानशीनें घासावा, स्पिरिटनें पुसावा व पूर्ण कोरडा करावा. ओल, शेण किंवा तेलकटपणा राहिल्यास द्रव्य धरत नाहीं. तें घट्ट होईपर्यंत पाय हलूं देऊं नये. ॲक्रिलिक घट्ट होतांना तापतें, म्हणून पातळ तळव्यावर त्याचा जाड थर देऊं नये. टांचेचा अगदीं मागील भाग मोकळा ठेवावा. पाऊल टेकतांना तो किंचित् फांकतो.

सर्वांत मोठा धोका पुवाचा. खूर गरम लागत असेल, दुर्गंधि येत असेल किंवा घोडा पाय टेकीत नसेल, तर प्रथम पशुवैद्यास दाखवावें. आंत पू कोंडून वर नाल चिकटविणें म्हणजे रोगास दार लावून घेणें होय. खूर वाढत असल्यामुळें चार ते सहा आठवड्यांनीं नाल बदलावा. काढतांना तो ओढूं नये. द्रव्य कानशीनें झिजवावें, नाहींतर कवचच सोलून निघतें.

अमेरिकेंत २००८ सालीं केंटकी डर्बी जिंकणारा ‘बिग ब्राउन’ हा घोडा खुरांच्या विकारामुळें चिकटविलेले नाल घालून धांवला होता. तथापि पुढें थोड्याच दिवसांत त्याच्या डाव्या पुढील खुरास भेग पडली. नाल आधार देतो, रोग बरा करीत नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल.

हा नाल साध्या नालापेक्षां महाग पडतो. म्हणून निरोगी खुरास तो लावण्याचें कारण नाहीं. मात्र हेंच तत्त्व गोठ्यांतही उपयोगी आहे. लंगडणाऱ्या गाईच्या त्याच पायाच्या निरोगी नखाखालीं लाकडी ठोकळा चिकटवितात. त्यामुळें दुखरें नख जमिनीपासून उचललें जाऊन त्यास विसांवा मिळतो. ज्यांच्या गोठ्यांत असें जनावर उभें असेल, त्यांनीं तें विकण्यापूर्वीं हा उपाय पशुवैद्यास अवश्य विचारावा, अशी आमची सूचना आहे.