जोलिएटचें कम्युनिटी कॉलेज

कॉलेज म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. दगडी इमारत, लांबलचक व्हरांडा, घंटेसरशीं वर्गांत शिरणारीं अठरा-वीस वर्षांचीं मुलें, आणि या सर्वांच्या आधीं दारावर पहारा देणारी परीक्षा! इतके गुण मिळाले तर आंत, नाहीं तर बाहेर. अमेरिकेंत मात्र गेल्या सव्वाशे वर्षांत एक निराळ्याच जातीचें कॉलेज वाढीस लागलें आहे. त्याच्या दारावर हा पहारा नाहीं. आसपासच्या प्रदेशांतील ज्या कोणास शिकावयाचें असेल, मग तो नुकताच शाळा संपविलेला मुलगा असो कीं पन्नाशीचा कामगार असो, त्यास तेथें मज्जाव नाहीं. अशा कॉलेजास तिकडे ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात. कम्युनिटी म्हणजे एका ठिकाणीं नांदणारा लोकसमूह. त्या समूहानें आपल्यासाठीं चालविलेलें तें कॉलेज.

या संस्थेची कुळकथा पाहावयाची तर जोलिएट या गांवीं गेलें पाहिजे. इलिनॉय राज्यांत, शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारें चाळीस मैलांवर हें शहर वसलें आहे. कालवा, रेल्वे, चुनखडीच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांवर तें वाढलें. १९०१ सालीं तेथें स्थानिक दगडाची हायस्कूलची भव्य इमारत उभी राहिली. तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन यांचा शिकागो विश्वविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्याशीं स्नेह होता. हायस्कूल संपविलेल्या मुलांना तेथेंच कॉलेजच्या आरंभीच्या दोन वर्षांचा अभ्यास शिकवावा व पुढें विश्वविद्यालयानें तो जमेस धरावा, अशी योजना या विचारविनिमयांतून निघाली. पहिल्या वर्षीं विद्यार्थी किती असावे? अवघे सहा! अमेरिकेंतील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांपैकीं सर्वांत जुनें तें हेंच.

हार्पर यांचा हेतु मात्र केवळ गोरगरिबांच्या सोयीचा नव्हता. विश्वविद्यालयानें आपली शक्ति संशोधनांत आणि उच्च अध्यापनांत खर्चावी, आरंभीच्या दोन वर्षांचें काम इतरांनीं करावें, असें त्यांचें मत होतें. शिकागोस त्यांनीं या दोन वर्षांस ‘ज्युनिअर कॉलेज’ असें वेगळें नांव दिलें होतें, आणि तीं पुरीं करणारांस ‘असोसिएट’ ही पदवी देण्याचा प्रघातहि पाडला होता. ज्यांस पुढें जाणें नको असेल त्यांनीं येथेंच मानानें थांबावें, ही सोय तींत होती. म्हणजे या कल्पनेच्या जन्मापासूनच तिच्यांत दोन अर्थ दडलेले होते. हीं दोन वर्षें म्हणजे वर चढण्याची पायरी, कीं दमून टेकण्याचा ओटा? हा वाद आजहि मिटलेला नाहीं.

कल्पना हळूहळू पसरली. कॅलिफोर्निया राज्यानें १९०७ सालीं कायदा करून हायस्कुलांना असे वर्ग चालविण्याची मुभा दिली. १९४४ च्या कायद्यानें युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनें उचलला आणि कॉलेजांत गर्दी लोटली. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या मंडळानें असा निर्वाळा दिला कीं, निदान शेंकडा ४९ लोकांच्या ठायीं चौदा वर्षांचें शिक्षण, म्हणजे हायस्कूलनंतरचीं दोन वर्षें धरून, पुरें करण्याची बुद्धि आहे. ‘कम्युनिटी कॉलेज’ हें नांव सर्वतोमुखीं झालें तें त्या वेळेपासून. जोलिएटचें कॉलेज तोंवर हायस्कूलच्याच आसऱ्यास होतें. इलिनॉय राज्याच्या १९६५ च्या कायद्यामुळें त्यास स्वतःचा प्रदेश व स्वतंत्र कारभार मिळाला. आज त्याच्या कक्षेंत सात काउंट्यांचा कमीअधिक भाग येतो. नांवांत मात्र त्यानें ‘ज्युनिअर कॉलेज’ हे जुने शब्द जपून ठेवले आहेत.

या कॉलेजांत काय शिकवितात? गणित, इतिहास, रसायन हे विषय तर आहेतच. साधारणतः एका विषयाचा आठवड्यास एक तास, याप्रमाणें एक सत्र पुरें केलें म्हणजे एक ‘क्रेडिट’ पदरीं पडतें. अशीं साठ क्रेडिटें झालीं म्हणजे असोसिएट पदवी, आणि ती घेऊन विद्यार्थी विश्वविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षांत शिरूं शकतो. त्याच आवारांत दुसरीकडे वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात. कोणी परिचारिकेचें काम शिकतो, कोणी पाकशास्त्र, कोणी शेती व बागाईत. परिचारिकांसारख्या कांहीं वर्गांत जागा मोजक्या असल्यानें तेथें मात्र निवड होते. दिवसा नोकरी करणारांसाठीं संध्याकाळचे वर्ग असतात. वसतिगृहाचा खर्च नाहीं. विद्यार्थी आपल्या घरीं जेवतो, आपल्या घरीं निजतो.

पैसा तीन हातांनीं येतो : त्या प्रदेशांतील घरांवर व जमिनींवर बसविलेला कर, राज्य सरकारची मदत आणि विद्यार्थ्यांची फी. घरपट्टींतला एक वांटा कॉलेजकडे जातो, म्हणूनच त्या प्रदेशांतील रहिवाशांस फी कमी व बाहेरच्यांस अधिक. कारभारी मंडळाचे सात सभासदहि लोकच निवडून देतात. त्यांच्या जोडीस विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधि बसतो. ज्या गृहस्थानें कॉलेजचें तोंडहि पाहिलें नाहीं, तोहि दरसाल त्याचा खर्च सोसतो. त्याच्या घरीं कोणी आजारी पडलें तर उशाशीं उभी राहणारी परिचारिका कदाचित् त्याच कॉलेजांत शिकलेली असते.

येथवर सर्व गोड झालें. परंतु दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. देशभरांतील कम्युनिटी कॉलेजांचा हिशेब पाहिला तर दाखल झालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिकांस सहा वर्षांतहि पदवी किंवा प्रमाणपत्र मिळत नाहीं. कारणें उघड आहेत. पुष्कळांस पोटासाठीं काम करावें लागतें, कांहींच्या कडेवर लेंकरूं असतें. त्यांत भर म्हणजे, गणित किंवा इंग्रजी कच्चें ठरलेल्यांस पूर्वतयारीच्या वर्गांत बसवीत. त्या वर्गांची फी भरावी लागे, पण क्रेडिट मिळत नसे. कित्येकांचा धीर तेथेंच सुटे. कॅलिफोर्नियानें २०१७ सालीं कायदा करून या प्रथेस आळा घातला. विद्यार्थ्यास थेट वरच्या वर्गांत घ्यावें आणि तेथेंच त्यास जादा मदत द्यावी, असा तो मार्ग आहे. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनीं तर १९६० सालींच दाखवून दिलें होतें कीं, विद्यार्थ्याच्या मोठ्या आकांक्षा हळूहळू थंड करून त्यास लहान ध्येयाकडे वळविण्याचें कामहि हीं कॉलेजें नकळत करतात. हार्पर यांचा ओटा तो हाच.

म्हणून दार उघडें ठेवलें एवढ्यानें काम भागत नाहीं. आंत आलेल्यास कोणत्या विषयानें पुढील वाट खुली होते हें वेळेवर सांगणें, एका सत्रांत हरलेल्यास दुसऱ्या सत्रांत परत बोलावणें, त्याच्या कामाच्या वेळा पाहून वर्गांच्या वेळा ठरविणें, हीं कामें दिसावयास किरकोळ. पण त्यांवरच पायरी पायरी राहते कीं तिचा ओटा होतो, हें ठरतें. सहा विद्यार्थ्यांवर आरंभ झालेल्या कल्पनेचीं आज अमेरिकेंत हजाराच्या आसपास कॉलेजें उभीं आहेत. परीक्षेंत नापास झालेला मुलगा शाळेंत ओळखतां येतो. वाटेंत गळालेला मात्र कोणाच्या नजरेस पडत नाहीं. त्याची चौकशी करणारें कॉलेजच त्या लोकसमूहाचें म्हणावयाचें.