पुण्यात छापलेली ज्यूंची गुप्तविद्या

१८८७ साली पुण्यात एक पुस्तक छापून बाहेर पडले. लिपी हिब्रू, भाषा अरबी आणि विषय कबाला, म्हणजे ज्यू धर्मातली सर्वांत गुप्त मानली गेलेली विद्या. पुस्तक काढणारे अब्राहम डेव्हिड एझिकेल हे पुण्यातल्या बगदादी ज्यू समाजातले. बगदादच्या धर्मगुरूंनी या पुस्तकाला कडाडून विरोध केला. ही विद्या बोलीभाषेत आणून चारचौघांपुढे ठेवणे त्यांना अजिबात मंजूर नव्हते.

महाराष्ट्रात ज्यू म्हटले की आपल्याला कोकणातले बेने इस्राएल आठवतात. त्यांची मायबोली मराठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही रचली. बगदादी ज्यू मात्र व्यापाराच्या निमित्ताने फार उशिरा मुंबईत आले आणि तिथून पुण्याच्या लष्कर भागात स्थिरावले. त्यांच्यातले सर्वांत नामांकित नाव डेव्हिड ससून. लष्करातले ‘लाल देऊळ’ म्हणजेच ओहेल डेव्हिड सिनेगॉग त्यांनी बांधायला घेतले. ते १८६७ साली पुरे झाले, पण ससून १८६४ मध्येच पुण्यात वारले. त्यांची कबर याच आवारात आहे. या मंडळींच्या घरात बोलली जाई ती अरबी, आणि ती लिहीत हिब्रू अक्षरांत. एझिकेल यांचे पुस्तक अशा घरांसाठी होते.

कबालाचा मुख्य ग्रंथ ‘झोहर’. तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कॅस्टील प्रांतात प्रकट झाला. देव अनंत आहे, त्याला नाव नाही, रूप नाही. मग हे जग त्याच्याशी जोडले जाते कसे? कबालाचे उत्तर असे, की त्या अनंतातून दहा शक्ती प्रकटतात. प्रज्ञा, करुणा, न्याय, सौंदर्य अशा क्रमाने त्या उतरत येतात आणि शेवटची ‘शेखिना’ ही देवाचे स्त्रीरूप सान्निध्य होऊन माणसांत वास करते. माणसाची प्रार्थना आणि सदाचार यांनी या शक्तींमध्ये मेळ राहतो, पापाने तो बिघडतो. निर्गुण आणि सगुणाचा वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये.

एझिकेल यांनी झोहरमधला ‘इद्रा झुटा’ हा भाग निवडला. त्यात दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बार योहाय यांचा अखेरचा दिवस आहे. शिष्य भोवती बसले आहेत, घराला अग्नीचा वेढा पडला आहे आणि गुरू आजवर न सांगितलेली रहस्ये सांगत आहेत. अब्बा नावाचा शिष्य मान खाली घालून ते लिहून घेतो आहे. बोलता बोलता गुरूंच्या तोंडी ‘जीवन’ हा शब्द येतो आणि वाणी थांबते. अब्बा पुढच्या शब्दाची वाट पाहतो, पण प्रकाश इतका प्रखर असतो की त्याला मान वर करवत नाही.

झोहर अरामी भाषेत आहे आणि एझिकेल यांच्या काळी ती सामान्य ज्यूला कळत नसे. तरीही झोहरचे पठण पुण्यप्रद मानले जाई. अर्थ न कळता पारायण करायला हरकत नव्हती. अर्थ सांगण्यावर मात्र पहारा होता.

हा पेच आपल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला समजावून सांगायला नको. मंचर, नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याला आले की जवळच आळे गाव लागते. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे, अशी श्रद्धा आहे. वेद कोणी म्हणावेत, या पैठणच्या वादाला दिलेले ते उत्तर. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. स्पेनमध्ये झोहरची पाने हातोहात फिरू लागली तीही याच सुमारास. याच जुन्नर तालुक्यात ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी दाखवतात. त्यांनी स्वप्नात दिलेला गुरुमंत्र तुकोबांनी लपवून ठेवला नाही, अभंगात उघड सांगितला. गुह्य ज्ञान लोकांच्या भाषेत आणावे की नाही, याचा निकाल आपल्याकडे संतांनी लावला होता. एझिकेल यांचा प्रश्न तोच होता, पण त्यांच्या पाठीशी वारी नव्हती.

त्यांच्या पाठीशी होती ती थिऑसॉफिकल सोसायटी. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या या संस्थेच्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट १८७९ मध्ये मुंबईत आले. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे, असे ते सांगत. एझिकेल पुण्यातले सभासद. बाहेरचे लोक आपल्या कबालाचा गौरव करतात आणि आपल्याच घरात ती कुलपात आहे, हे त्यांना बोचले असावे. योगायोग असा, की त्याच १८८७ साली लंडनमध्ये मॅकग्रेगर मॅथर्स यांनी इद्रा झुटा इंग्रजीत आणला, तोही मूळ अरामीवरून नव्हे, लॅटिन भाषांतरावरून. बेरशेबाच्या बेन-गुरियन विद्यापीठातले अभ्यासक बोआझ हुस यांनी २०१० साली पुण्यातल्या या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला.

कबालाचा शास्त्रशुद्ध अभ्यास भक्कम पायावर उभा केला तो गेर्शोम शोलेम यांनी. १८९७ साली बर्लिनमध्ये जन्मलेले शोलेम १९२३ मध्ये जेरुसलेमला गेले आणि १९२५ पासून तिथल्या हिब्रू विद्यापीठात शिकवू लागले. झोहर बार योहाय यांचा की तेराव्या शतकातल्या मोझेस दे लेऑन यांचा, हा वाद जुनाच होता. सुरुवातीला शोलेम स्वतःच दे लेऑन यांना कर्ता मानायला तयार नव्हते. पुढे त्यांनी ग्रंथाचे व्याकरण तपासले, शब्दकळा मोजून पाहिली, दे लेऑन यांच्या हिब्रू लेखनाशी ताडली. पॅलेस्टाइनच्या भूगोलात चुका सापडल्या. अरामीत मध्ययुगीन वळणे निघाली. मग १९४१ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात त्यांनी मत बदलून दे लेऑन यांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या पिढीतल्या येहुदा लीबेस यांनी एकाऐवजी लेखकांचे मंडळ असावे, असे मांडले.

या वादाला एक जुना किस्साही आहे. दे लेऑन १३०५ साली वारले. आक्रेचे इसाक नावाचे विद्वान मूळ पोथीच्या शोधात स्पेनभर फिरले. त्यांनी नोंदवलेली ऐकीव हकीकत अशी : आविला गावच्या एका धनिकाने दे लेऑन यांच्या विधवेला निरोप धाडला, की पोथी दे, तुझ्या मुलीला सून करून घेतो. बाई म्हणाली, पोथी नव्हतीच, नवरा सगळे डोक्यातून लिहायचा. स्वतःच्या नावावर लिहिले असते तर कोणी दमडी दिली नसती.

हे सारे कळूनही झोहरचा मान कमी झाला नाही. डॅनियल मॅट यांनी हस्तलिखिते ताडून हाती घेतलेले बारा खंडांचे इंग्रजी भाषांतर २०१७ साली पूर्ण झाले. त्या ग्रंथासाठी इतके कष्ट उपसणारे अभ्यासक आजही मिळतात.

ग्रंथ कोणी लिहिला, कधी लिहिला, पाठ कुठे बदलला, हे विचारणे म्हणजे श्रद्धेवर घाला नव्हे. ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून १५८४ साली पाठशुद्धी करणारे एकनाथ भक्तच होते. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यांत, मठांत आणि माळ्यांवर अजून बासनात बांधलेल्या पोथ्या पडून आहेत. त्यांना हळदकुंकू जरूर वाहा, पण एकदा बासन सोडून पानांचे फोटो काढा, शेवटच्या पानावरचा शक आणि लेखकाचे नाव उतरवून घ्या आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी जाणकाराला दाखवा. वाळवी लागण्याआधी हे झाले पाहिजे.